चढावरून आलेला फोन

अँब्युलन्सच्या फोनवर सत्तावीस वर्षं बसलेल्या त्या बाईला प्रांतात नावानं कुणीच ओळखत नव्हतं. तिचा भाचा गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी वायरलेसवरून त्यानं विचारलं, "आत्या, कुठं जायचं?" झालं. बाराही गाड्यांचे ड्रायव्हर तिला आत्या म्हणू लागले, मग नर्सेस, मग डॉक्टर, आणि वर्षा-दोन वर्षांत फोन करणारे लोकही. बाई बुटकी, आवाज खणखणीत. पन्नाशीच्या आतल्या सगळ्या जगाला ती अरे-तुरे करायची. फोनवर कुणी रडायला लागलं तर "रडायचं नंतर, आधी घर सांग" म्हणून दरडावायची. लोकांना त्याचा राग येत नसे. आत्या ओरडली म्हणजे गाडी निघाली, असा हिशेब सगळ्यांना पाठ झाला होता.

तिची कंट्रोल रूम इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखोलीच्या वरच्या मजल्यावर होती. खालच्या मशिनी चालू झाल्या की फरशी थरथरायची आणि टेबलावरची पेनं हळूहळू कडेला सरकायची. तीन टेबलं, तीन फोन, एक वायरलेस, आणि भिंतभर नकाशा. नकाशा सरकारी होता, पण त्यावरची बारीक अक्षरं तिच्या नवऱ्याची. नवरा रिटायर्ड पोस्टमन. लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं हे जोडपं जेवताना इतकं काय कुजबुजतं याचं शेजाऱ्यांना कुतूहल होतं. प्रत्यक्षात तो तिला कुठल्या फाटकाची कडी उलटी आहे, कुठल्या घरात पुढचं दार कायम बंद असतं आणि कुठलं कुत्रं भुंकत नाही पण चावतं, हे सांगत असायचा. तिनं ते सगळं डोक्यात भरून ठेवलं होतं.

आणि राजधानी? राजधानी साडेसहाशे किलोमीटरवर. तिथल्या सरकारनं या प्रांताच्या तोंडाला इतक्यांदा पानं पुसली होती की लोकांनी मोजणं सोडून दिलं होतं. नदीवरच्या पुलाची कोनशिला तीन वेगवेगळ्या मंत्र्यांनी बसवली, तिन्ही कोनशिला एकमेकींशेजारी उभ्या आहेत, पूल नाही. शंभर खाटांचं इस्पितळ जाहीर झालं, आल्या चाळीस. खोऱ्यातल्या वस्त्यांना मोबाइलचा टॉवर हवा म्हणून नऊ अर्ज गेले. "लोकसंख्या निकषात बसत नाही" असं नऊ वेळा उत्तर आलं. राजधानीतून कुणी आलाच तर त्याला इथलं बोलणं गावंढळ वाटायचं, आणि तो ते हसून दाखवायचा. आत्याला पूल, खाटा, टॉवर या सगळ्याचा राग होताच. पण त्या हसण्यानं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात ते पत्र आलं. देशातल्या सगळ्या प्रांतांच्या कंट्रोल रूम बंद करून यापुढे सगळे फोन राजधानीतल्या एकाच मोठ्या केंद्रात घेतले जातील. तिथं दोनशे ऑपरेटर, भलेमोठे पडदे. फोन आला की तो कुठून आला हे पडद्यावर लाल ठिपक्यानं दिसणार आणि गाडी थेट ठिपक्यावर जाणार.

पत्र वाचून झाल्यावर रूममधल्या दोघी सहकारी आपापले डबे आवरू लागल्या. आत्या घरी आली आणि तिनं पत्र नवऱ्यापुढे टाकलं.

"अहो, हे वाचा. म्हणे ठिपका."

नवऱ्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं. "ठिपक्याला दार असतं का गं?"

"तेच विचारते मी त्यांना."

आणि तिनं खरंच विचारलं. आधी इस्पितळाच्या प्रमुखांमार्फत, मग प्रांताच्या आमदारांमार्फत, मग सरळ स्वतःच्या सहीनं. एका पत्रात तिनं लिहिलं की तुमच्या ऑपरेटरला माझ्याशेजारी बसवा आणि कोण आधी रुग्णाच्या दारात पोहोचतं ते बघा. बाईला तोंडघशी पाडावं आणि विषय मिटवावा, असा विचार कुणीतरी केला असणार. कारण महिन्याभरात राजधानीचे एक साहेब चाचणी घ्यायला हजर झाले.

साहेब चाळिशीचे, सडपातळ, बोलायला मऊ. त्यांनी नियम छापूनच आणले होते. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. एक फोन राजधानीनं घ्यायचा, पुढचा रूमनं, असं आलटून पालटून. दोन्हीकडे दोन्हींचं बोलणं ऐकू येईल, सगळं रेकॉर्ड होईल. पण ज्याची पाळी नाही त्यानं तोंड उघडायचं नाही. जो मध्ये बोलेल तो हरला. चाचणीत रूम हरली तर महिन्याच्या अखेरीस कुलूप.

"मान्य?" साहेबांनी विचारलं.

"मान्य," आत्या म्हणाली आणि सही केली. सत्तावीस वर्षांत दुसऱ्याच्या फोनमध्ये ती कधी बोलली नव्हती. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही.

राजधानीकडून त्या दिवशी एक तरुण ऑपरेटर बाई बसली होती. तिचा आवाज कडक इस्त्रीचा, प्रत्येक शब्द सुटा. सकाळपासून तिनं काम चोख केलं, हे आत्यालाही कबूल करावं लागलं. शहरातले फोन होते. बाजारात कुणी चक्कर येऊन पडलं, शाळेत एकाचा हात मोडला. ठिपका दिसला, गाडी गेली. राजधानीची सरासरी नऊ मिनिटं. आत्याची अकरा. दुपारी जेवणाचा डबा तिनं अर्धाच खाल्ला. साहेब कागदावर आकडे मांडत होते आणि सभ्यपणानं तिच्याकडे बघायचं टाळत होते. आपण उगाच घोड्यावर बसलो, आता सगळ्या प्रांतासमोर तोंडावर आपटणार, असं आत्याला पहिल्यांदाच वाटलं.

अडीचच्या सुमारास फोन वाजला. पाळी राजधानीची. आत्यानं हेडफोन कानाला लावला.

एक पुरुष धापा टाकत होता. "आमच्याकडे... श्वास... श्वास लागलाय... लवकर या..."

"आपण शांत व्हा," राजधानीचा आवाज आला. "आपलं लोकेशन मला दिसतंय. श्वासाचा त्रास कधीपासून होतोय?"

"आत्ता... अर्धा तास... आधी पण होता... पण आज..."

"आपण बोलू नका. बोलल्यानं त्रास वाढतो. छातीत दुखतंय का? फक्त हो किंवा नाही."

"नाही, पण... अहो..."

"ठीक आहे. गाडी निघाली आहे. आपण आहात तिथेच बसून राहा. अजिबात हलायचं नाही. चालायचं नाही."

"बसू?" माणूस गोंधळून म्हणाला.

"हो. खाली बसा."

पलीकडून कपडे गवतावर घासल्याचा आवाज आला. माणूस बसला होता.

आत्यानं हेडफोन कानावर घट्ट दाबला. तो आवाज तिनं ओळखला होता. खोऱ्यातला गिरणीवाला. त्या खोऱ्यात मोबाइल लागत नाही. नऊ अर्ज करूनही लागत नाही. म्हणून तिथं कुणाला काही झालं की घरातला धडधाकट माणूस शेजारचा चढ धावत चढतो, पाऊण तासाची वाट पंधरा मिनिटांत, आणि वर पोहोचून फोन करतो. वर पोहोचलेला प्रत्येक जण धापाच टाकत असतो. खोऱ्यातून आलेला फोन आत्या नेहमी तसाच घ्यायची. आधी म्हणायची, दम घे, मग सांग घरी कोण आहे. गिरणीवाला ठणठणीत होता. दमा त्याच्या दहा वर्षांच्या लेकीला होता. आणि ती खाली होती.

राजधानीचा ठिपका चढावर होता. वायरलेसवर चार नंबरच्या गाडीतून भाच्याचा आवाज आला, त्याला चढाचा रस्ता मिळाला होता. नदीच्या उतारापाशी, गाड्या पाण्यातून नदी ओलांडतात तिथं, रस्ता फुटतो, एक फाटा चढावर जातो, दुसरा खोऱ्यात. चढावरून खोऱ्यात गाडी उतरत नाही, नुसती पायवाट आहे. गाडी एकदा वर गेली की पुन्हा खाली येऊन फाटा धरायला पंचवीस मिनिटं. आणि त्या मुलीचा बाप सरकारनं बसायला सांगितलं म्हणून वर गवतात बसला होता. आमच्या माणसांची ही एक खोड आहे. चारचौघांत सरकारला शिव्या घालतील, पण सरकारी आवाजानं काही सांगितलं की पाचावर धारण बसते आणि मुकाट्यानं ऐकतात.

साहेबांनी आत्याचा चेहरा पाहिला आणि बोट ओठांवर ठेवलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते फक्त नियमाची आठवण करून देत होते.

आत्यानं माइकचं बटण दाबलं.

"अरे ऊठ! बसतोस काय? ऊठ!"

"आत्या?" गिरणीवाला ओरडलाच. "आत्या, तुम्ही आहात होय!"

"लेक घरी आहे ना? गिरणीत की मागच्या घरात?"

"मागच्या घरात. तिची आई आहे जवळ. ओठ निळे पडलेत, आत्या."

"तिला आडवी करू नका, बसती ठेवा. खिडक्या उघडा. पीठ लागलेले कपडे लांब कर. धावत खाली जा आणि गिरणीच्या पुढचं मोठं फाटक सताड उघड, गाडी आत येऊ दे. पळ!" आणि त्याच दमात वायरलेस उचलून, "चार नंबर, चढावर जाऊ नकोस. खोऱ्यात उतर. गिरणीच्या मागचं घर, डाव्या हाताचं निळं दार. दमा आहे, ऑक्सिजन तयार ठेव."

"उतारापाशीच आहे मी," भाचा म्हणाला. "वळलो."

खालच्या धुलाईच्या मशिनी चालूच होत्या. साहेबांनी घसा खाकरला.

"बाई, आपण नियम मोडलात. मला चाचणी इथेच थांबवावी लागेल."

"थांबवा."

"आपल्याविरुद्ध नोंद करावी लागेल."

"करा ना. नीट अक्षरात करा. मी मध्ये बोलले, हे लिहा. आणि का बोलले तेही लिहा, नाहीतर मी सही करणार नाही."

तिचा आवाज खणखणीत होता, पण तिनं नजर टेबलावरून उचलली नाही. आपण सही करून दिली आणि दोन मिनिटं गप्प बसून ऐकत राहिलो, याचीच तिला लाज वाटत होती. ती दोन मिनिटं तिला आजही टोचतात.

अकराव्या मिनिटाला वायरलेस खरखरला. "पोहोचलो. ऑक्सिजन लावलाय." मग भाचा पुन्हा आला, आवाज फुटलेला. "आत्या, रंग येतोय गं चेहऱ्यावर. पाणी मागतेय."

आत्याच्या जिवात जीव आला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि साहेबांना म्हणाली, "चहा घेणार?"

साहेबांनी चहा घेतला. आणि त्या माणसाबद्दल हे सांगायलाच हवं की त्यानं खरं लिहिलं. नियम मोडला, चाचणी बाद, आणि नियम मोडला नसता तर काय झालं असतं तेही. सोबत रेकॉर्डिंग जोडलं. राजधानीनं त्यातली पहिली ओळ वाचली आणि बाकीची सोडून दिली. आठवड्यात उत्तर आलं: चाचणी बाद झाल्यामुळे मूळ आदेशाप्रमाणे रूम महिनाअखेरीस बंद.

मग मात्र प्रांत पेटला. पुलासाठी कधी एकत्र आले नव्हते, खाटांसाठी आले नव्हते, पण आत्याची खुर्ची काढणार म्हटल्यावर घराघरातून माणूस बाहेर पडला. कारण घराघरात एक तरी असा होता, ज्याला तिनं कधीतरी फोनवर दरडावलं होतं. पोस्टमन नवरा साठीनंतर पुन्हा झोळी खांद्याला लावून दारोदार फिरला, या वेळी पत्रं द्यायला नाही तर सह्या घ्यायला. कुठल्या दारात कुठल्या वेळी माणूस भेटतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एकवीस हजार सह्या झाल्या. राजधानीला कुलूप लांबणीवर टाकून समिती पाठवावी लागली.

समितीची बैठक शहराच्या सभागृहात झाली. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला लागून उभे होते, खिडक्यांत बसले होते. मंचावर राजधानीचे पाच जण. आत्या पहिल्या रांगेत, नेहमीच्या साडीत, मांडीवर पिशवी. रेकॉर्डिंग लावलं गेलं. "खाली बसा" असं त्या इस्त्रीच्या आवाजात ऐकू आलं तेव्हा भिंतीला लागून उभे असलेले लोक पुढे सरकले. आत्याच्या "अरे ऊठ"वर मात्र मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि मग टाळ्या आवरेनात.

अध्यक्षांनी गिरणीवाल्याला बोलावलं. तो पुढे आला, कपड्यांना पीठ तसंच, हात जोडलेले. मंचासमोर एक खुर्ची ठेवली होती.

"बसून बोला," अध्यक्ष म्हणाले.

गिरणीवाल्यानं हात खाली केले. "नको साहेब. मागच्या वेळी तुम्ही बसा म्हणालात आणि मी बसलो. लेक जाता जाता वाचली. आता उभ्यानंच बोलतो."

तो काय बोलला ते बहुतेकांना ऐकूच आलं नाही, इतका गलका झाला. पण त्याच्यामागे तिसऱ्या रांगेतून एक तरुण बाई उठली, तिला इथं कुणी ओळखत नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि सगळ्यांनी आवाज ओळखला. राजधानीची ऑपरेटर. स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या तिकिटानं आली होती.

"मी सगळं नियमाप्रमाणे केलं," ती म्हणाली. "मला त्या दिवशी चांगले गुण मिळाले. सर, मला ते गुण नको आहेत." आत्या उठली, तिच्यापाशी गेली आणि तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

तीन आठवड्यांनी आदेश आला. रूम राहील. फक्त हीच नाही, डोंगराळ आणि दूरच्या सगळ्या प्रांतांच्या रूम राहतील. राजधानीच्या केंद्रातले ऑपरेटर दर तीन महिन्यांनी शिकायला इथं पाठवले जातील. टॉवरचं तेवढं दहाव्या अर्जावरही "विचाराधीन" आहे. पण त्या दिवशी टॉवरची कुणाला शुद्ध होती? बाराही गाड्या आवारात रांगेत उभ्या राहिल्या आणि ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले, इतके की इस्पितळातले रुग्ण व्हरांड्यात आले. आत्या खिडकीतून ओरडली, "बंद करा, मला फोन ऐकू येत नाहीये!" आणि तोंड फिरवून हसली. इतक्या अभिमानानं ती लग्नातसुद्धा हसली नव्हती, असं नवरा सांगतो.

शिकायला आलेली पहिली तीच ऑपरेटर. वही-पेन घेऊन नकाशासमोर बसली. आत्यानं तिची वही मिटली.

"आधी हे नाही. भाच्याबरोबर खोऱ्यात जा. गिरणीपाशी उतर. तिथून चढ धावत चढायचा, मध्ये थांबायचं नाही. वर गेलीस की मला फोन कर."

"फोनवर काय सांगू?"

"काय सुचेल ते."

तासाभरानं फोन आला. आत्यानं उचलला. पलीकडे नुसत्या धापा. एक शब्द बाहेर पडत नव्हता. इस्त्री पार गेली होती.

"आ... आत्या... मला... बोलताच..."

"बोलू नकोस. आधी दम घे," आत्या म्हणाली. "मी आहे इथे."

बऱ्याच वेळानं पलीकडचा श्वास जरा जागेवर आला. ऑपरेटर रडत होती की हसत होती, कळायला मार्ग नव्हता.

"आत्या," ती म्हणाली, "हे विचारायला हवं होतं मी. घरी कोण आहे, हे."

"हं. आता खाली ये. गिरणीवाल्याची लेक तुझी वाट बघत थांबलीय, तिला तुला बघायचंय."